ऊब आणि इस्राफ

इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, इस्लामने निषिद्ध ठरविली आहे. कोकणातून जाऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपुढे ही शिकवण दर हिवाळ्यात प्रश्न होऊन उभी राहते. तेथील थंडी ओलसर आणि घर तापविण्याचा खर्च मोठा. मग हीटर बंद ठेवणे हीच दीनदारी समजावी काय?

सूरह अल-फुरकानमध्ये (२५:६७) अल्लाहच्या दासांचा खर्च उधळपट्टी व कंजूषी यांच्या मधोमध असल्याचे सांगितले आहे. म्हणजे हात आखडणे हाही दोषच होय. अन्न, वस्त्र व निवारा हा कुटुंबाचा नफका आहे, आणि थंड देशात उबेवाचून निवारा अपुरा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानातील घरांसाठी १८ अंश सेल्सिअस हे किमान सुरक्षित तापमान सुचविले. अर्भके व वृद्धांना त्याहून अधिक ऊब लागू शकते.

गारठ्यासोबत ओलही येते. स्वयंपाक, स्नान आणि घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन साचते. तेथे बुरशी धरते. रॉचडेल येथे २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बालक अशा बुरशीमुळे जडलेल्या श्वसनविकाराने दगावले. दोष आई-वडिलांचा नव्हता. त्यांनी घराबद्दल तक्रारी केल्या होत्या. परंतु बुरशी किती घातक ठरते, हे त्यातून साऱ्यांना कळले.

तेव्हा इस्राफ नेमका कोठे आहे? जी ऊब कोणाच्याही उपयोगी न पडता निघून जाते, तिच्यात. छताला उष्णतारोधक थर द्यावा, दाराखालची फट बुजवावी, रिकाम्या घरात हीटर उगाच चढा ठेवू नये. पातेल्यावर झाकण ठेवावे, वाफ पंख्याने बाहेर काढावी. हवा खेळण्याचे झरोके मात्र बंद करू नयेत.

कोणी म्हणेल, वाचलेला पैसा गावच्या मशिदीला पाठवू. हेतू नेक आहे. पण सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्ततेसाठी, गरिबाला आणि कुटुंबाला दिलेल्या दीनारांची तुलना करून कुटुंबावरील दीनाराचा सवाब सर्वांत मोठा म्हटला आहे. खोकणाऱ्या लेकराच्या हक्कातून काढलेले दान अल्लाहसमोर कोणत्या तोंडाने ठेवावे? आणि ज्याला बिल भरणेच शक्य नाही, त्याच्या थंड घराची विचारपूस हे शेजाऱ्याचे कर्तव्य आहे.

अल्लाह तआला आम्हांस बचतीची व जबाबदारीची योग्य समज देवो. आमीन.