जुना ट्रक, नव्या तारा

जुन्या वस्तूविषयी मनुष्याच्या मनात एक हळवा कोपरा असतो. तथापि, जुने जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. स्वातंत्र्योत्तर काळात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. तसा एखादा ट्रक कुणी हौसेने सांभाळत असेल, तर त्याचे मूळ वायरिंग काढून नवे घालावे काय? प्रश्न गॅरेजमधला खरा. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे.

त्या काळच्या तारांवर रबराचे आवरण व त्यावर सुताची वीण असे. उष्णता, तेल आणि वय यांमुळे रबर कडक होते, तडकते, गळून पडते. गाडीचा लोखंडी सांगाडा हाच विजेच्या परतीचा मार्ग असल्याने उघडी तार त्याला टेकली की शॉर्टसर्किट होते. मध्ये फ्यूज नसेल तर आग लागू शकते. बाहेरून रंग चकचकीत, आत मात्र मरण दबा धरून बसलेले.

नवे करणाऱ्यालाही एक बंधन आहे. साठ वॅटच्या दिव्यांना बारा व्होल्टवर ५ अँपिअर, तर सहा व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून सहा व्होल्टच्या जुन्या गाडीत तारा जाड असत. हे न जाणता बारीक तार घातली, तर ती तापते आणि दिवे मंदावतात. पूर्वजांनी एखादी गोष्ट तशी का केली, हे समजून घेतल्यावाचून ती बदलणे हा उद्धटपणाच होय.

तारा बदलल्यावर ट्रक तोच राहिला काय? थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या, तेव्हा तत्त्वज्ञांत हाच वाद माजल्याचे प्लुटार्कने नमूद केले आहे. ॲरिस्टॉटलला अनुसरून संत थॉमस अक्वायनस द्रव्य आणि रूप यांत भेद करतात. मानवनिर्मित वस्तूचे रूप तिच्या प्रयोजनाला अनुसरलेल्या रचनेत असते, असे आम्ही त्यावरून समजतो. ओझे वाहणे हे ट्रकाचे प्रयोजन. ती रचना अबाधित असेल तर ट्रक तोच. ख्रिस्तसभेनेही हे अनुभवले आहे. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना दार उघडले आणि लॅटिनच्या जागी मराठी आली. काहींना हळहळ वाटली. परंतु मिस्साबलिदान तेच राहिले.

येथे एक शंका उद्भवते. आज प्लास्टिकच्या आवरणाची तार सुताच्या विणीत गुंडाळून मिळते. दिसायला जुनी, आतून नवी. ही फसवणूक नव्हे काय? मालकाने ते उघडपणे सांगितले, तर नाही. मूळ म्हणून गाडी विकली, तर निश्चितच आहे. मात्र याहून मोठे असत्य उलट दिशेचे आहे : सडलेल्या तारेवर नवी पट्टी गुंडाळून गाडी रस्त्यावर आणणे. प्रभू येशूने चुना लावलेल्या कबरींचा दाखला दिला, तो अशाच वृत्तीला उद्देशून होता.

ट्रक संग्रहालयात, बॅटरी काढून उभा असेल, तर जुन्या तारा इतिहासाची साक्ष म्हणून खुशाल राहू द्याव्यात. पण तो रस्त्यावर धावणार असेल, तर शेजारी बसणारा सोबती आणि वाटेवरचा अनोळखी पादचारी यांचा जीव आपल्या हौसेहून श्रेष्ठ ठरतो. शेजारप्रीतीची आज्ञा येथेही लागू आहे. डॅशबोर्डमागचा जोड कुणाला दिसत नाही. तो घट्ट बसवला की सैल सोडला, हे वायरमनची सदसद्विवेकबुद्धी जाणते. आपल्या घराण्याच्या, गावाच्या, धर्मग्रामाच्या परंपरा सांभाळतानाही रंगरंगोटीआधी हे न दिसणारे जोड तपासून घ्यावेत, असे आम्हांला वाटते.