पॉइंट झाले, दर्शन राहिलं



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, विभूतियोग.

मागच्या श्रावणात गेवराईला घरी गेलो होतो. दोन दिवस चांगला पाऊस झाला होता, म्हणून आईला घेऊन सौताड्याला निघालो. बीड, मांजरसुंबा, पाटोदा करत गेलं की जामखेडच्या अलीकडे हे गाव लागतं. तिथे बालाघाटच्या कड्यावरून विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. खाली दरीत रामेश्वराचं, म्हणजे आपल्या महादेवाचं मंदिर आहे.

पोचल्या पोचल्या मी कामाला लागलो. इथून फोटो, तिथून व्हिडिओ, मग दोन-चार सेल्फी. अर्ध्या तासात सगळे पॉइंट कव्हर! आई मात्र आल्यापासून एकाच जागी उभी होती, हात जोडून.

"आई, झालं ना बघून? निघायचं?"

"तुझं झालं आसंल. मला बघू दे. आसं पाणी काय रोज दिसतंय व्हय?"

मी गप्प झालो. २०१६ च्या उन्हाळ्यात टँकरपुढे हंडा घेऊन हीच उभी असायची. मी तेव्हा पुण्यात होतो, नळ सोडला की पाणी. एकच धबधबा आम्ही दोघं बघत होतो, पण मला सीन दिसत होता आणि तिला देव.

दहाव्या अध्यायात अर्जुन हेच तर विचारतो. देवा, तुझं चिंतन करायचं तर तुला कशाकशात पाहू? मग भगवंत एकेक जागा दाखवतात. स्थिर गोष्टींत हिमालय, झाडांत पिंपळ, जलाशयांत सागर, नद्यांत गंगा. आपल्या भाषेत सांगायचं तर देव पाहायचे हे पॉइंटच! पण ही यादी टिकमार्क करायला नाही. म्हणून शेवटच्या, ४२ व्या श्लोकात भगवंत म्हणतात की एवढं सगळं जाणून तुला काय करायचंय? माझ्या एका अंशाने हे सारं जग मी धरून ठेवलंय. म्हणजे एका ठिकाणी जरी मन ठरलं, तरी पुरे.

मग आम्ही खाली उतरलो. आईचे गुडघे दुखतात, ती माझ्या खांद्याला धरून एकेक पाऊल टाकत होती. खाली तुषारांनी तोंड भिजलं, आवाजाने छाती भरून आली. फोन खिशातच राहिला. आईने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, मग माझ्याही.

येताना गाडीत एक गोष्ट लक्षात आली. हे विंचरणेचं पाणी सीना, भीमा करत कृष्णेला मिळतं. याच डोंगररांगेतली सिंदफणा मात्र आमच्या गोदामाईकडे जाते. वाटा वेगळ्या, पण दोघींचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि भगवंतांनी विभूतींमध्ये सागरही सांगितलाच आहे ना!

मित्रांनो, फिरायला जरूर जा, फोटोही काढा. पण कड्याच्या टोकाला जाऊ नका, तिथले दगड पावसात निसरडे असतात. प्लास्टिक दरीत टाकू नका, खाली महादेव आहे. आणि जमलं तर सोबत आईवडिलांना न्या. कधी कधी आपल्याला जे नुसतं दिसतं, त्याचं दर्शन त्यांच्या डोळ्यांतून घडतं.

आजचा नेम : पाण्याचा एक पेला समोर ठेवायचा. फोन बाजूला. पाच मिनिटं नुसतं बघायचं, हात जोडायचे, मग प्यायचं. एवढंच.

उद्या अकरावा अध्याय सुरू करू. तिथे अर्जुन विश्वरूप पाहायला मागतो, आणि त्यासाठी देवालाच त्याला दृष्टी द्यावी लागते.

राम कृष्ण हरी!