कार्ड घ्यावं की नाही?

अमेरिकेत नव्याने संसार मांडणाऱ्या मराठी जोडप्याला कुणीतरी सांगतंच, 'कॉस्टकोचं कार्ड काढून टाका.' सल्ला आपुलकीचा असतो. पण तो प्रत्येक घराला लागू पडतो असं मला वाटत नाही.

कॉस्टको म्हणजे वर्गणी भरणाऱ्या सभासदांनाच घाऊक भावात माल विकणारं दुकान. हा धंदा चालतो कसा, ते आधी पाहावं. सोल प्राइस यांनी १९७६ साली सॅन डिएगोत, विमानांच्या जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' उघडला, तो छोट्या व्यावसायिकांसाठी. घरगुती गिऱ्हाईक नंतर आलं. कॉस्टको १९८३ची, सिएटलची. दहा वर्षांनी दोन्ही कंपन्या एक झाल्या. खरेदीच्या किमतीवर साधारण १४-१५ टक्क्यांहून जास्त चढवायचं नाही, हा तिथला दंडक. नफ्याचा मोठा भाग सभासदांच्या वर्गणीतून येतो. ही रचना मला प्रामाणिक वाटते. गिऱ्हाइकाला एकदा गंडवून या दुकानाचं भागत नाही. पुढच्या वर्षी त्याने आपणहून वर्गणी भरली पाहिजे.

२०२४च्या सप्टेंबरपासून साध्या कार्डाला वर्षाला ६५ डॉलर पडतात, वरच्या कार्डाला १३०. वरच्या कार्डावर खरेदीचे २ टक्के परत मिळतात, म्हणजे जादा ६५ डॉलर भरून निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी. घरात डायपरचं बाळ आहे, गाडी रोज लांब जाते, दूध-अंडी-बदाम भराभर संपतात, अशा घराने फार विचार करू नये. कार्ड घ्यावं.

दोघांच्या घराचं गणित वेगळं. एकदा वर्गणी भरली की ती वसूल करायची ओढ लागते आणि यादीत नसलेलं सामान गाडीत चढतं. पालकाचा मोठा डबा स्वस्तच असतो. पण अर्धा सडला, तर खाल्लेल्या पालकाचा दर दुप्पट झाला. पावतीवर हे कुठेच दिसत नाही.

मला इथे मुंबई ग्राहक पंचायत आठवते. १९७५ पासूनची ही चळवळ. शेजारपाजारच्या घरांचा संघ, मागणी आधीच लिहून द्यायची, माल महिन्यातून एकदा यायचा आणि सगळ्यांनी मिळून तो वाटायचा. घाऊक भावाचा फायदा तोच, पण किती लागेल हे घरी बसून ठरायचं, समोर ढीग पाहून नव्हे. परदेशात एकट्या पडलेल्या कुटुंबांना मला हीच पद्धत सुचवावीशी वाटते. एकाच गल्लीतल्या दोन घरांनी दोन कार्डं कशाला काढायची? एकाने घ्यावं, तांदळाचं पोतं आणि तेल आणल्यावर निम्मं-निम्मं करावं, पैसेही तसेच.

ज्यांनी कार्ड काढलंच आहे, त्यांनी काही महिने पावत्या जपाव्यात आणि फेकून दिलेलं त्यातून वजा करावं. वर्गणी निघत नसेल, तर वर्ष संपायची वाट पाहू नये. समाधान झालं नाही असं सांगून सभासदत्व रद्द केलं, तर कॉस्टको वर्गणी पूर्ण परत देते.