वारसा आणि वांटणी

बाप आपल्या मुलांस काय ठेवून जातो? शेत, घर, गुरेंढोरें आणि नांव, असें आपण सांगतों. पण ज्याच्यावांचून ह्यांतलें कांहींच टिकत नाहीं, तो भावाभावांतील विश्वास कोणत्या बापास मृत्युपत्रांत लिहून देतां आला आहे?

तळ्याच्या माथ्यावरील किल्ला आपण नित्य पाहतों. 1648 सालीं तो शिवाजी महाराजांकडे आला. पुढें तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला, आणि 1735 च्या सुमारास बाजीराव पेशव्यांनीं तो परत घेतला. मात्र खुद्द जंजिरा मराठ्यांस कधींच मिळाला नाहीं. असें कां झालें, हें समजण्यास आंग्र्यांच्या घराकडे पाहिलें पाहिजे.

सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं कोंकणच्या समुद्रावर मराठ्यांचा दरारा बसविला. 1721 सालीं इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले, तेही हात हालवीत परत गेले. 1729 सालीं कान्होजी वारले. त्यांच्या मागें सहा पुत्र होते. थोरले सेखोजी यांनीं घर संभाळलें; परंतु 1733 सालीं जंजिऱ्याची मोहीम चालू असतांनाच ते मरण पावले आणि संभाजी व मानाजी ह्या भावांत कलह पेटला. मानाजीनें पोर्तुगीजांचें साह्य घेऊन कुलाबा घेतला आणि येसाजी ह्या आपल्या भावाचे डोळे काढविले. ज्यांस बापानें परतविलें, त्यांसच मुलानें हात धरून घरांत आणिलें!

अखेर 1735 सालीं बाजीरावांनीं वांटणी करून दिली. मानाजीस कुलाबा व वजारतमाब हा किताब, संभाजीस दक्षिणेकडील किल्ले व सरखेली. ह्या न्यायाच्या मोबदल्यांत राजमाची व कोथळीगड पेशव्यांकडे गेले. तरीही 1740 सालीं संभाजी कुलाब्यावर चालून आलाच. संभाजीमागून त्याचा भाऊ तुळाजी गादीवर बसला. त्यानें पेशव्यांशीं वैर धरिलें. 1756 सालीं पेशवे व इंग्रज मिळून त्याजवर आले, विजयदुर्गास त्याचें आरमार जळालें, आणि तो मरेपर्यंत कैदेंत राहिला. कुलाब्याचें आरमार त्याच्या मदतीस धांवलें नाहीं.

कोणी म्हणेल, वांटणी हेंच पाप. आम्हांस तसें वाटत नाहीं. संसार वाढला म्हणजे चुली वेगळ्या होतातच, आणि वेगळ्या चुलींचे भाऊही एकमेकांच्या सुखदुःखास उभे राहतात. दुसरा कोणी म्हणेल, अन्याय झालेल्यानें दाद मागूं नये काय? अवश्य मागावी, निर्बळास पंचांचा व कचेरीचाच आधार असतो. परंतु आपला हक्क मिळविण्यास तिऱ्हाइतास बोलाविणें निराळें, आणि भावास खालीं पाहावयास लावण्यास बोलाविणें निराळें. पहिल्यांत भांडण मिटण्याची आशा असते. दुसऱ्यांत बोलाविलेला आपलें वेतन घेतल्यावांचून जात नाहीं, आणि तें वेतन दोघांच्याही घरांतून जातें.

आपणांकडे किल्ले नाहींत. भाताची दोन खाचरें आणि त्यांमधील एक बांध आहे. त्या बांधाच्या हातभर मातीसाठीं वर्षानुवर्षें कचेरीच्या पायऱ्या झिजवून अखेर खाचरच गहाण पडलेलीं घरें आपण पाहिलीं आहेत. वाचकहो, आपल्यांतही असा कोणी असेल, तर पुढच्या तारखेपूर्वीं त्यानें एकदां भावाच्या ओटीवर जाऊन बसावें. बांध कोठें असावा हें मग दोघांनीं मिळून ठरवावें.