ब्युरेटला न दिसणारे सोडियम

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागांतून अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत येणाऱ्या मुलामुलींना खारे पाणी म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. हीच मुले प्रयोगशाळेत ईडीटीएचे टायट्रेशन करून पाण्याची कठिणता काढतात. प्रयोग चांगलाच आहे. पण ईडीटीए मोजते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. खारपाणाचे मोठे दुखणे सोडियमचे, आणि ते ब्युरेटला दिसतच नाही. लालसर रंग निळा झाला, रीडिंग जर्नलमध्ये गेले, सही झाली. घरच्या विहिरीचे पाणी कपाशीची जमीन का बिघडवते, हा प्रश्न दाराबाहेरच राहिला.

संगणकाला जोडलेल्या सेन्सरची गरज मला वाटते ती इथे. वाहकतेचा प्रोब पाण्यात बुडवला की सोडियमसकट सगळे आयन हजेरी लावतात. त्यातला कोणता किती, हे तो सांगत नाही. म्हणून टायट्रेशन सुटत नाही. वाहकता भरपूर आणि कठिणता त्या मानाने थोडी, असे दोन आकडे शेजारी आले की उरलेले काय, हे कुणीतरी विचारणारच. प्रात्यक्षिकातून एवढे निघाले तरी पुष्कळ.

सेन्सरचा दुसरा गुण वेगाचा नाही, वेळेचा आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. चपळ हायड्रोजन आयनांची जागा मंद सोडियम घेते, वाहकता घसरते. समतुल्य बिंदू ओलांडला की हायड्रॉक्साइडमुळे ती पुन्हा चढते. थेंब पडतानाच पडद्यावरची रेषा वळलेली पाहणे वेगळे आणि रात्री होस्टेलवर आलेखकागदावर ठिपके जोडणे (त्यांतले काही मित्राच्या वहीतले!) वेगळे. अमेरिकेत 1987 साली हेदर ब्रासेल यांनी शाळकरी मुलांवर गतीच्या आलेखांचा अभ्यास केला. आलेख हालचालीबरोबरच उमटला तेव्हा मुलांना तो चांगला कळला. अर्ध्या मिनिटाहून कमी उशिराने दाखवला, तर बराचसा फायदा गेला. विषय भौतिकशास्त्राचा, पण बोध आपल्याही कामाचा.

मात्र पडद्यावरचे तीन दशांश पाहून भुलू नये. काचेच्या पीएच इलेक्ट्रोडचा विद्युतदाब 25 अंशांना दर एककामागे सुमारे 59 मिलिव्होल्ट बदलतो, तर 40 अंशांना 62. अकोल्याच्या एप्रिलमध्ये तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर 4 पीएचचे द्रावण 3.85 दाखवेल, आणि अगदी ठामपणे दाखवेल. ही चूक मुलांना शोधू द्यावी. तीही रसायनशास्त्रच आहे.

पैशांची सबब अर्धीच खरी. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने विकसित केलेले एक्सपाइज हे कमी खर्चाचे उपकरण आहे. आर्डुइनोवरही पुष्कळ जमते. खरी अडचण अशी की, तपासणी समिती येऊन गेली की यंत्र कपाटात जाते. बाहेर निघालेच तर गाईडमध्ये छापलेली वक्ररेषा पुन्हा काढायला.

विभागप्रमुखांना विनंती एवढीच: पहिल्या वर्षाच्या बॅचला आपापल्या गावचे पाणी बाटलीत आणायला सांगा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घनपदार्थांची भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 2000, हे फळ्यावर लिहा. आणि प्रोब बुडवण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत घ्या, पेनाने.