वेझलेचा दरवाजा

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातलं वेझले हे टेकडीवरचं लहानसं गाव. चढत्या रस्त्याच्या शेवटी मेरी मॅग्डालेनच्या नावाचं विशाल मठ-चर्च आहे. तिच्या अस्थी इथे आहेत, या श्रद्धेने मध्ययुगात इथे यात्रेकरूंची रीघ लागे. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्यांची एक वाट आजही इथूनच सुरू होते.

चर्चच्या आतल्या दरवाजावर ११३०च्या सुमारास कोरलेला एक मोठा शिल्पपट आहे. मधोमध ख्रिस्त, आणि त्याच्या हातांतून निघालेले किरण शिष्यांपर्यंत पोचलेले. पण नजर खिळते ती कडेच्या चौकटींतल्या आणि खालच्या पट्टीतल्या माणसांवर. कुणाला कुत्र्याचं तोंड, कुणाचे कान सुपाएवढे, आणि एक ठेंगू तर घोड्यावर चढायला शिडी लावतोय! पृथ्वीच्या टोकाला अशी माणसं राहतात, असं तेव्हा युरोपात मानलं जाई. कुत्र्याच्या तोंडाची माणसं तर भारतातच राहतात, असं जुन्या ग्रीक लेखकांनी लिहून ठेवलं होतं. शिल्पकाराने यांतलं कुणीच पाहिलं नव्हतं. तरी त्याने त्यांना वगळलं नाही. ख्रिस्ताच्या भोवती, ऐन दारावर, त्यांना जागा दिली. किती मोठं मन असेल त्या माणसाचं!

आणि याच गावात, ३१ मार्च ११४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, मठाधिपती संत बर्नार्ड यांनी मुस्लिमांविरुद्धच्या दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक दिली. फ्रान्सचा राजा सातवा लुई समोर होता. लोक इतके लोटले की सभा टेकडीच्या उतारावर घ्यावी लागली. वाटायला आणलेले कापडी क्रूस संपले, तेव्हा बर्नार्ड यांनी स्वतःचा झगा फाडून क्रूस केले, असं सांगतात. ते युद्ध दमास्कसच्या वेढ्यात फसलं. त्याआधीच धर्मयुद्धाच्या उन्मादात ऱ्हाईनकाठच्या ज्यूंच्या कत्तली झाल्या होत्या, आणि त्या थांबवायला खुद्द बर्नार्ड यांनाच धावावं लागलं.

बर्नार्ड ढोंगी नव्हते. त्यांची भक्ती खरी होती, आणि मला अस्वस्थ करतं ते नेमकं हेच. दारावर परक्यांना जवळ घेणारी श्रद्धा आणि उतारावर त्यांच्यावर चालून जायला सांगणारी श्रद्धा एकाच धर्माची, एकाच पिढीतली.

महात्मा गांधी आणि रामकृष्ण परमहंस यांची चरित्रं लिहिणारे, पहिल्या महायुद्धाला विरोध करणारे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ अखेरची वर्षं याच गावात राहिले. डिसेंबर १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, ते इथे वारले.

पुढे १९४६ साली, बर्नार्ड यांच्या त्या हाकेला आठशे वर्षं झाली तेव्हा, युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतून लोक जड लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पायी वेझलेला आले. या वेळी मागणं शांतीचं होतं. जवळच्या छावणीतल्या जर्मन युद्धकैद्यांनी आम्हालाही येऊ द्या म्हणून विचारलं. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं, जखमा ओल्या होत्या; तरी त्यांना कुणी अडवलं नाही. मोडक्या घरांच्या तुळयांचा क्रूस करून तेही टेकडी चढले. त्यांचा तो क्रूस इतरांच्या क्रुसांसोबत चर्चमध्ये उभा आहे.