पितळी नट

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ एका उस्तादांचं गॅरेज होतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून वर्षभर मासळी वाहणारे टेम्पो त्या दोन महिन्यांत तिथे दुरुस्तीला लागत. टपातून बर्फाचं खारं पाणी ठिबकून चासी खाल्लेली, त्यात समुद्राची हवा. तिथे येणाऱ्या गाडीचा एक नट सरळ सुटेल तर शपथ. उस्तादांच्या हाताखाली दोन पोरं होती. थोरला अंगाने दणकट, धाकटा नुकताच लागलेला.

जुलै संपत आला आणि एक टेम्पो फटफटत दारात आला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालं होतं. काम तसं किरकोळ. आठ नट सोडायचे, मॅनिफोल्ड बाजूला घ्यायचा, नवं पॅकिंग टाकून परत आवळायचं.

"उस्ताद, पहिल्या तारखेला गाडी जेटीवर लागायलाच हवी," मालक म्हणाला.

"लागेल. पण आज हात लावू नका कोणी. आज नुसतं तेल सोडायचं," असं पोरांना बजावून उस्ताद जेवायला गेले.

थोरल्याला कुठला धीर! त्याने पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि अंग टाकलं. पहिला नट किंचाळत सुटला. दुसऱ्याची तोंडं झिजून तो गोल झाला. तिसऱ्याला पाना एकदम हलका फिरू लागला, तसा तो ओरडला, "आला, आला!" जाणत्याने तिथेच हात थांबवला असता. गंज सुटतो तेव्हा 'कट्ट' असा आवाज होतो आणि हाताला झटका बसतो. इथे ना आवाज, ना झटका. पाना नुसता मऊ मऊ फिरत होता. नट जागचा हललाच नव्हता, आत स्टड पिळवटत होता. पुढच्या हिसक्याला तो तुटला. अर्धा नटासकट खाली पडला, अर्धा हेडमध्ये अडकून राहिला.

मालकाने कपाळाला हात लावला. आता हेड उतरवायचं, लेथवर न्यायचं, म्हणजे पहिली तारीख गेली.

उस्ताद आले, वाकून बघितलं. थोरला पुटपुटला, "तो फवाऱ्याचा डबा आणून द्या ना. मारला की लगेच सुटतं."

त्या निळ्या-पिवळ्या डब्याची गोष्ट उस्तादांना स्पेअरच्या दुकानात कोणीतरी सांगितली होती. अमेरिकेत सॅन डिएगोला 1953 मध्ये क्षेपणास्त्राला गंज चढू नये म्हणून ते औषध तयार केलं, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला ते जमलं. डब्यावरच्या नावातला 40 तोच. "त्यांनी एकोणचाळीस वेळा हात चोळले," उस्ताद म्हणाले, "तुला एक रात्र थांबवत नाही."

मग त्यांनी धाकट्याला तारेचा ब्रश दिला. आट्यांवरची खरपुडी निघाल्याशिवाय तेल आत जात नाही, हे पुष्कळ जुन्या मिस्त्र्यांनाही सुचत नाही. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते; आट्यांत तर केसभरही जागा नाही, म्हणून नट पाचर ठोकल्यासारखा बसतो. हात पोचेल तिथे ब्रश फिरवून झाल्यावर त्या प्रत्येक नटाला तेल, हातोडीचे हलके ठोके, परत तेल. रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी तेल स्वच्छ पुसून काढलं, डिझेलच्या नळीवर ओलं पोतं टाकलं आणि गॅसची ज्योत नटावर धरली. स्टडवर नाही, नटावरच. नट तापून पसरला की पकड सुटते. सहा कोनांची गोटी चढवून उस्तादांनी पाना उलटा फिरवण्याआधी किंचित आवळला. धाकटा बघतच राहिला. 'कट्ट' झालं. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत मागे, असे नट सुटत गेले. गोल झालेल्यावर नवा नट वेल्ड करून तो काढला. तुटक्या स्टडच्या टोकावरही तसाच नट वेल्ड केला, गार होऊ दिला, आणि तोही निघाला. हेड जागेवरच राहिलं.

राहिला मागच्या कोपऱ्यातला शेवटचा नट. ब्रश फिरवला तशी काजळीखाली पिवळी कड दिसली. हा एकटाच पितळी होता. पाना लावला, आणि ना तेल ना आग, तो गुमान सुटला. पुढे बोटांनीच निघाला.

"हा कोणी बसवला?" उस्तादांनी विचारलं.

"काय माहीत! गाडी तिसऱ्या हातची आहे," मालक म्हणाला.

उस्तादांनी नट धाकट्याच्या हातात ठेवला. "पितळ गंजत नाही, लोखंडाला धरून बसत नाही. जोर पडलाच तर याचे आटे जातील, स्टड वाचेल. ज्याने हा बसवला त्याला तू माहीत नव्हतास, मी माहीत नव्हतो. तरी या नटाची आपली मेहनत तो आधीच करून गेला. लक्षात ठेव, आवळतो एक आणि सोडतो दुसरा. दुसऱ्याचा विचार आवळतानाच करायचा असतो."

थोरला खाली बघून पाइप पुसत होता.

नवे स्टड आले, आणि आठही नट पितळी. मालक कुरकुरला, "साधे चालले असते की. आत कोण बघायला जातंय?"

"सोडणारा जातो," उस्ताद म्हणाले आणि थोरल्याला तांब्याच्या ग्रीसचा डबा दिला. आट्यांना ग्रीस त्याच्याच हाताने लावून घेतलं. इंजिन तापवलं, गार केलं, नट परत एकदा तपासले. पहिल्या तारखेला टेम्पो जेटीवर होता.

पुढे कधीतरी तो विकला गेला आणि कोल्हापुरात भाजी वाहू लागला. पॅकिंग परत उडालं. तिथल्या मिस्त्रीने जाम नट गृहीत धरून दिवसभराची मजुरी आधीच ठरवून घेतली, गॅस बाहेर काढला, आणि चहा यायच्या आत आठही नट ताटलीत पडले.

"कोणी बसवले होते हो हे?" त्याने विचारलं.

नव्या मालकाला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. मिस्त्रीने नट डिझेलमध्ये धुतले, ग्रीस लावून तेच परत बसवले. मजुरी मात्र पूर्ण घेतली.